समुद्रातील शर्यत आणि न्यायाचा तराजू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड हे शहर वसले आहे. तेथे ३० सप्टेंबर २०२२ रोजी गळाने मासे धरण्याच्या एका मोठ्या स्पर्धेचा समारोप होता. ज्या जोडीच्या पाच माशांचे वजन सर्वाधिक भरेल ती जोडी विजयी, असा साधा नियम होता, आणि बक्षीस २८ हजार डॉलरहून अधिक होते. एका जोडीच्या पाच माशांचे वजन ३३ पौंडांहून अधिक भरले. परंतु त्या आकाराच्या माशांना तेवढे वजन असणे शक्य नाही, हे स्पर्धेच्या संचालकाच्या सरावलेल्या नजरेने हेरले. त्याने सर्वांसमक्ष माशांची पोटे चिरली, तेव्हा आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे बाहेर आले. जमलेले स्पर्धक संतापले. खटला झाला, आरोपींनी गुन्हा कबूल केला. २०२३ साली त्यांना दहा दिवसांचा कारावास झाला, त्यांची नौका जप्त करण्यात आली आणि मासेमारीचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला.

हा प्रसंग जगभर चवीने चर्चिला गेला. त्यात चर्चेसारखे खरे काय आहे, याचा विचार मात्र थोड्यांनी केला. तेथे फसवणूक उघड होऊ शकली, कारण स्पर्धेचे नियम आधी ठरलेले होते, ते सर्वांना सारखे लागू होते, तराजू एकच होता आणि माशाचे पोट चिरण्याचा अधिकार असलेला निःपक्ष माणूस तराजूजवळ उभा होता. हौसेच्या खेळात माणसे न्यायाबद्दल इतकी दक्ष असतात. मग ज्या मासेमारीवर चूल पेटते, मुलांच्या शाळेची फी भरली जाते आणि कर्ज फिटते, त्या मासेमारीतील स्पर्धा न्याय्य आहे काय, हा प्रश्न किती दक्षतेने विचारला जातो? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

आरंभरेषा कोणी आखली?

समुद्र सर्वांचा आहे, ज्याच्या अंगी बळ असेल त्याने मासे धरावेत, असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. खुल्या स्पर्धेचे हे तत्त्वज्ञान ऐकायला उदार वाटते. परंतु स्पर्धा न्याय्य ठरण्यासाठी सर्वांनी एका रेषेवरून निघावे लागते. भारताच्या किनाऱ्यावर ही रेषा कोणी आणि कशी आखली, ते पाहिले पाहिजे.

१९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात एक करार झाला. केरळच्या कोल्लमजवळील नींडकर परिसरात मच्छीमारांचे जीवनमान उंचावणे, हा त्या प्रकल्पाचा जाहीर हेतू होता. नौकांना यंत्रे बसवावीत, बर्फाची सोय व्हावी, आरोग्य सुधारावे, अशी योजना होती. पुढे कोळंबीला अमेरिकेत आणि जपानात मोठी किंमत मिळते हे ध्यानात आले आणि प्रकल्पाची दिशा पालटली. तळ खरवडून कोळंबी काढणारे ट्रॉलर हे विकासाचे चिन्ह ठरले. त्यासाठी सरकारी कर्जे आणि अनुदाने मिळू लागली. ज्यांना समुद्राची पिढ्यानपिढ्यांची ओळख नव्हती, परंतु तारण ठेवण्यासारखी मालमत्ता होती, असे भांडवलदार या धंद्यात उतरले. ज्यांच्या नावाने योजना आखली गेली, ते बहुसंख्य मच्छीमार काठावरच राहिले.

तेव्हा या शर्यतीत एक पक्ष स्वतःच्या दंडाच्या बळावर धावत होता, तर दुसऱ्याच्या यंत्रामागे राज्याची तिजोरी उभी होती. आजही यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. वल्ह्याने आणि शिडाने चालणाऱ्या होडीला परताव्याचा प्रश्नच येत नाही. यांत्रिक नौका वापरणाऱ्या लहान मच्छीमारालाही या मदतीची गरज आहे, हे खरे. परंतु जो अधिक तेल जाळतो त्याला अधिक मदत, ही रचना समतेची नव्हे. शिशाचा गोळा माशाच्या पोटात घातला तर ती लबाडी ठरते आणि तराजूच्या एका पारड्यात अनुदान घातले तर ते धोरण ठरते, असा हा न्याय आहे.

रापण आणि पर्ससीन

दोन जाळ्यांची तुलना केली तर या स्पर्धेचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. मालवणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि त्याची दोन्ही टोके वाळूत उभे राहून माणसे ओढतात. या कामाला शेकडो हात लागू शकतात. बांगडा, तारली, जे काय येईल त्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा असतो. दोराला हात लावणारा रिकाम्या हाताने परतत नाही. रापणीत कलह नव्हते किंवा पिळवणूक नव्हती असे नव्हे. परंतु तिच्या रचनेतच एक मर्यादा होती. मासा किनाऱ्याजवळ आला तरच ती त्याला धरू शकत असे, त्याचा पाठलाग करणे तिला शक्य नव्हते. समुद्रात पुरेसे मासे शिल्लक राहत, ते या मर्यादेमुळेच.

पर्ससीन जाळे याच्या उलट आहे. यंत्राच्या साह्याने माशांचा थवा शोधायचा, त्याला चहूबाजूंनी वेढायचे आणि जाळ्याच्या खालच्या कड्यांतून ओवलेला दोर आवळून बटव्यासारखे तोंड बंद करायचे. थवाच्या थवा एका फेरीत नौकेवर येतो. जो थवा किनाऱ्याला येऊन शेकडो रापणकरांच्या घरी वाटला गेला असता, तो वाटेतच एका मालकाच्या खात्यावर जमा होतो. त्यात भर पडली प्रखर एलईडी दिव्यांची. जनित्रावर चालणारे दिवे रात्री पाण्यावर सोडले की, लहानमोठे मासे प्रकाशाकडे खेचले जातात आणि भोवती जाळे आवळले जाते. येथे मच्छीमाराचे कौशल्यही उरत नाही, आणि माशाला निसटण्याची वाट तर नाहीच. गळाच्या स्पर्धांतसुद्धा हल्ली अनेक ठिकाणी माशाची लांबी मोजून त्याला जिवंत परत सोडण्याची पद्धत आहे. हौशी माणसाला जे कळते, ते नफ्याच्या हिशेबाला कळू नये, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नफा हा उद्याचा हंगाम मोजत नसतो.

संघर्षातून आलेला कायदा

या अन्यायाविरुद्धचा पहिला मोठा आवाज गोव्याच्या रापणकरांनी उठविला. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद करावा, ही त्यांची साधी मागणी होती. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावरही चकमकी झडल्या. केंद्र सरकारला १९७६ साली मजुमदार समिती नेमावी लागली. तिच्या विचारविनिमयातून नमुना विधेयक तयार झाले आणि राज्यांनी कायदे केले. केरळ व गोवा यांनी १९८० साली, तर महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात उथळ पट्टा वावांच्या मापाने राखून ठेवण्यात आला आणि त्यात ट्रॉलरला मज्जाव करण्यात आला.

केरळात लढा पुढे चालू राहिला. माशांच्या विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, ट्रॉलिंग बंद ठेवावे यासाठी १९८१ आणि १९८४ साली उपोषणे झाली, समित्या बसल्या, आणि १९८८ साली पहिली बंदी आली. पर्ससीन व तत्सम जाळ्यांवर प्रादेशिक समुद्रात घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली वैध ठरविली. पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हे सार्वजनिक हितच आहे आणि त्यासाठी व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी बंधन घालता येते, हा त्या निर्णयाचा आशय होता. धंद्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याचा धंदा बुडविण्याचे स्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व त्यातून कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

१९९१ नंतर परदेशी भागीदारीतील मोठ्या नौकांना खोल समुद्राची दारे उघडण्यात आली, तेव्हा देशभरच्या मच्छीमारांनी बंद पुकारले. त्यांतून नेमल्या गेलेल्या मुरारी समितीने १९९६ साली असे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. येथे लहान होडीवाला आणि देशी ट्रॉलरमालक एका बाजूला उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काल आपल्यापेक्षा लहानाला जागा नाकारणारा आज आपल्यापेक्षा मोठ्यापुढे संरक्षण मागतो. न्यायाची मागणी स्वतःपुरती करून चालत नाही, हा धडा त्या लढ्याने दिला.

पंच कोठे आहे?

कायदे झाले, तराजूजवळचा माणूस मात्र मिळाला नाही. बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. पर्ससीन नौका धरली की, ‘मासे पलीकडे धरले, इकडून फक्त येत होतो,’ हे उत्तर तयार असते. महाराष्ट्रात डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर कडक निर्बंध आले. नवे परवाने बंद झाले, जुन्यांची संख्या टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले आणि हंगामही मर्यादित करण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंड ठरविला आणि शिक्षेचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आणला. त्यापूर्वीचा दंड इतका क्षुल्लक होता की, एका रात्रीच्या मासळीतून तो भरून वर पैसा उरत असे. तो दंड राहिलाच नव्हता. धंद्याच्या खर्चातील एक बाब बनला होता.

दंड वाढला, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, पालघर येथील मच्छीमारांच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. दूरच्या समुद्रात गस्त घालण्यासाठी वेगवान नौका, पुरेसे कर्मचारी आणि बंदरावरील तपासणी यांवाचून कायदा कागदावरच राहतो. ईरी सरोवराच्या काठी संचालकाने माशाचे पोट चिरले नसते, तर शिसे कधीच दिसले नसते. येथे पोट चिरणाऱ्याला नौकाच मिळत नाही, किंवा ती मिळाली तरी सुरी चालविण्याची इच्छा मिळत नाही. धनाढ्य मालक, राजकीय आश्रय आणि अधिकारी यांचे साटेलोटे हा सर्वपक्षीय रोग आहे. त्याबाबतीत कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने स्वतःला निर्दोष समजण्याचे कारण नाही.

बाजाराचा उपाय आणि त्याचे मोल

अनिर्बंध शर्यतीचा शेवट काय होतो, हे जगाने पाहिले आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर शतकानुशतके कॉड मासा मिळत आला. अजस्र ट्रॉलरांनी तो इतका उपसला की, २ जुलै १९९२ रोजी ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसे बेकार झाली. अलास्कात हॅलिबट माशासाठी अशी चढाओढ लागली की, नव्वदच्या दशकाच्या आरंभी वर्षाचा हंगाम एकेका दिवसाच्या दोनतीन मुदतींवर आला. त्या चोवीस तासांत वादळ असो वा नसो, सर्वांनी समुद्रात झेप घ्यायची, असा प्रकार होता.

त्यावर बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी उपाय सुचविला की, माशांचा वार्षिक कोटा ठरवावा, तो नौकामालकांत वाटून द्यावा आणि त्याची खरेदीविक्री करू द्यावी. अलास्कात १९९५ साली तसे झाले, आइसलँडमध्ये त्याआधीच झाले होते. जीवघेणी घाई थांबली, हे मान्य केले पाहिजे. पण समुद्रातील मासा, जाळ्यात येण्यापूर्वीच, काही जणांची मालमत्ता बनला. लहान गावांतील कोटा विकला जाऊन मोठ्यांच्या हाती गेला आणि नौकेवर राबणाऱ्या खलाशाला वाटणीत काहीच मिळाले नाही. आइसलँडच्या दोन मच्छीमारांनी तक्रार केली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००७ साली ती व्यवस्था पक्षपाती असल्याचे मत दिले. शर्यत थांबविण्यासाठी मैदानच विकून टाकायचे, असा हा उपाय आहे, आणि समाजवादी विचाराला तो मान्य होणे शक्य नाही.

तिसरा मार्ग आहे, आणि तो सामान्य माणसांनी शोधलेला आहे. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमार हंगामापूर्वी मासेमारीच्या जागांची यादी करतात, चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतात आणि नंतर दररोज एकेक जागा पुढे सरकतात. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. फसवणूक करणारा लगेच उघडा पडतो, कारण ज्याची पाळी बुडते तोच पहारेकरी असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी अशा व्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यासाठी तुर्कस्तानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. तमिळनाडू आणि केरळच्या खाड्यांत ‘पाडू’ नावाने चिठ्ठी व पाळीची हीच पद्धत चालत आली आहे. सामाईक मालमत्ता नष्टच व्हायची, हा सिद्धांत जेथे माणसे परस्परांशी बोलत नाहीत तेथेच खरा ठरतो.

घरातील अन्याय

पारंपरिक मच्छीमार म्हणजे न्यायाचा पुतळा, अशी भाबडी समजूत मात्र कार्यकर्त्याने बाळगू नये. केरळात रिंगसीन जाळे पारंपरिक मच्छीमारांनीच स्वीकारले आणि यंत्रांच्या जोरावर ते इतके मोठे झाले की, लहान होडीवाल्याला त्याचीच धास्ती वाटू लागली. महाराष्ट्रात डोल जाळ्यांच्या कवींचा वाद जुना आहे. खांब रोवून जाळे लावण्याची समुद्रातील जागा म्हणजे कव. वसई-उत्तनकडील आणि सातपाटी-डहाणूकडील कोळी बांधव या जागांवरून वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. दोन्हीकडे घाम गाळणारीच माणसे आहेत. असे तंटे न्यायालयात झिजवत ठेवण्यापेक्षा चिठ्ठी, पाळी आणि जागांची मर्यादा यांच्या आधारे गावोगावच्या सहकारी संस्थांनी मिटविले पाहिजेत.

तसेच पर्ससीनवर राबणारा खलाशी हा शत्रू नव्हे. तो पुष्कळदा नेपाळातून, उत्तर प्रदेशातून किंवा कर्नाटकातून आलेला मजूर असतो. नौका धरली की, मार त्याला बसतो आणि मालक घरी सुरक्षित असतो. दंड मालकाला आणि परवान्याला झाला पाहिजे. खलाशाला लेखी करार, विमा आणि किमान वेतन मिळाले पाहिजे. मासळी विकणाऱ्या स्त्रियांचाही विचार सहसा होत नाही. रापणीची मासळी त्यांच्या टोपलीत येत असे. मोठ्या नौकेची मासळी थेट निर्यातदाराकडे जाते, आणि तिच्यातील बारीक पिल्ले फिशमीलच्या कारखान्यात. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. राज्यमाशाची पिल्ले कोठे जातात, हे कारखान्याच्या दारात उभे राहून पाहण्याचे काम आता कोणी तरी केले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम

यातून काही निश्चित मागण्या निघतात. राखीव पट्ट्यात प्रवेश करणाऱ्या नौकेचा परवाना काही काळ निलंबित व्हावा आणि पुन्हा गुन्हा घडल्यास नौका जप्त व्हावी. प्रत्येक यांत्रिक नौकेवर तिचे ठिकाण कळविणारे यंत्र असावे आणि त्याची नोंद मच्छीमार संस्थांना पाहता यावी. इंधनावरील मदत नौकेच्या भुकेप्रमाणे न देता खलाशांच्या व कुटुंबांच्या संख्येप्रमाणे द्यावी. पश्चिम किनाऱ्यावर २०१५ साली केंद्राने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची समान बंदी ठरविली. त्या काळात घरी बसणाऱ्या खलाशाला आणि मासळीविक्रेत्या स्त्रीला निर्वाहभत्ता मिळावा. आणि बंदरावरील तपासणी पथकात रापण संघांचे, कोळी सहकारी संस्थांचे व स्त्रियांचे प्रतिनिधी असावेत.

या मागण्या मुंबईच्या सभागृहात मान्य होणार नाहीत. त्यासाठी मालवणच्या, हर्णैच्या, सातपाटीच्या किनाऱ्यावर बसून माणसांची गाऱ्हाणी ऐकावी लागतील, नौकांच्या नोंदी कराव्या लागतील, माहितीच्या अधिकारात अर्ज घालावे लागतील आणि परप्रांतीय खलाशाविरुद्ध भडकणारा राग योग्य दिशेला वळवावा लागेल.

कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतो. खवळलेला समुद्र शांत होईपर्यंत थांबायचे आणि सर्वांनी मिळून हंगाम सुरू करायचा, ही त्या सणामागची व्यवहारी शहाणीव आहे. सर्वांनी एकदम थांबणे आणि एकदम निघणे, यालाच आरंभरेषा म्हणतात. ती पूर्वजांनी श्रद्धेने आखली होती. आता ती कायद्याने आणि संघटनेच्या बळावर आखावी लागेल. तराजूजवळ निःपक्ष माणूस सरकार उभा करील याची वाट पाहत बसलेल्यांच्या जाळ्यात काही येणार नाही. ज्यांचा मासा चोरला जातो, त्यांनीच तराजूजवळ जाऊन उभे राहिले पाहिजे.